जुन्या लेन्सेस आणि मोठा सेन्सर

छायाचित्रणावरील व्याख्यान म्हटले म्हणजे पडद्यावर सुंदर चित्रे पाहावयास मिळतील, अशी श्रोत्यांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आज आम्ही ती पुरी करू शकणार नाही. आजचा विषय चित्रांचा कमी आणि हिशेबाचा अधिक आहे. ज्याला व्यवहारात क्रॉप सेन्सर म्हणतात तसा कॅमेरा वापरणाऱ्याने फुल फ्रेम कॅमेरा घ्यावयाचे ठरविले, तर त्याच्याजवळच्या जुन्या लेन्सेसचे काय होते, एवढाच प्रश्न आपल्याला सोडवावयाचा आहे. प्रश्न दिसतो लहान. पण त्यात एखाद्या घरची वर्षभराची शिल्लक गुंतलेली असते.

हा प्रश्न आम्हांस कोठे भेटला तेही सांगितले पाहिजे. पुण्याहून नाशिक रस्त्याने निघाले, मोशी मागे टाकली आणि चाकणकडे जाऊ लागले म्हणजे आमची कुरुळी लागते. चाकणच्या औद्योगिक वसाहतीमुळे या पट्ट्याचे रूप पालटले. येथील पुष्कळ तरुण कारखान्यात पाळीने काम करतात आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात घालून लग्ने, बारशी, वास्तुशांती आणि जत्रा टिपतात. कोणासाठी तो जोडधंदा असतो, कोणी पुढे तोच मुख्य धंदा करतो. आरंभी सर्वांजवळ एकच सामग्री असते : एक लहान सेन्सरचा कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ची लेन्स, पुढे घेतलेली स्वस्त ५०ची आणि लांबचे टिपण्यासाठी ७०-३००ची. दोनचार वर्षांनी कोणी तरी सांगते, ‘आता फुल फ्रेम घे, त्याशिवाय मोठी कामे मिळत नाहीत.’ लेन्सेस आहेतच, बॉडी तेवढी बदलायची, असा विचार करून गडी हप्ते बांधून घेतो.

आम्ही स्वतः याच वाटेने गेलो आणि फसलो, म्हणून हे अधिकाराने सांगू शकतो. दुकानात आम्ही एकच प्रश्न विचारला : ‘आमच्या लेन्सेस हिला बसतील का?’ उत्तर मिळाले, ‘सगळ्या बसतील.’ ते उत्तर खोटे नव्हते. लेन्सेस बसल्या. पण घरच्याच एका लग्नाचा अल्बम करावयाची वेळ आली तेव्हा कळले की, नव्या महागड्या कॅमेऱ्याने काढलेली चित्रे जुन्यापेक्षा लहान आकाराची निघाली होती. बसणे निराळे आणि पुरणे निराळे, हा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो. श्रोत्यांनी तो फुकट घ्यावा, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

प्रथम ‘फुल’ या शब्दाने दिपून जाण्याचे कारण नाही, हे पाहू. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत लागला. तो ज्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चित्रित झाला, तिच्यावरील एका चित्राची चौकट साधारणतः १८ गुणिले २४ मिलिमीटरची असे. म्हणजे आजच्या क्रॉप सेन्सरपेक्षा ती फार मोठी नव्हती. त्याच सुमारास जर्मनीत लाइट्स कंपनीतील ऑस्कर बार्नाक या तंत्रज्ञाने तीच सिनेमाची फिल्म आडवी धरली आणि दोन चौकटींची एक चौकट केली. तिची लांबी ३६ आणि रुंदी २४ मिलिमीटर झाली. १९२५ मध्ये त्याचा लायका कॅमेरा बाजारात आला आणि हे माप जगभर रूढ झाले. आज आपण ज्याला फुल फ्रेम म्हणतो ते हेच. त्या काळच्या फोटोग्राफरांना मात्र ते चिमुकले वाटे. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या अ‍ॅग्फा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्याची निगेटिव्हसुद्धा सहा गुणिले सहा सेंटिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळाने फुल फ्रेमच्या तिपटीहून मोठी असे. तेव्हा ‘पूर्ण’ हे त्या मापाचे केवळ नाव आहे, गुणपत्रक नव्हे.

मग लहान सेन्सर आला कोठून? डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीवर घडवितात. चकतीवर जागोजाग सूक्ष्म दोष असतातच. सेन्सर जितका मोठा, तितके एका चकतीतून नग कमी निघतात आणि एकेका नगात दोष सापडण्याचा संभव वाढतो. म्हणून मोठा सेन्सर दुप्पट मोठा असला तर दुप्पट महाग, असे न राहता कितीतरी अधिक महाग पडे. यावर उपाय म्हणून कंपन्यांनी लहान सेन्सर बसविले. १९९९ सालच्या निकॉन डी-वन या कॅमेऱ्यात तो सुमारे २३.७ गुणिले १५.६ मिलिमीटरचा होता. या मापाला एपीएस-सी हे नाव पडले ते १९९६ मध्ये निघालेल्या एका फिल्मच्या प्रकारावरून. फुल फ्रेम मापाचे डिजिटल कॅमेरे २००२ पासून आले. पण सामान्याच्या हाती लहान सेन्सरच राहिला. आणि त्याच्यासाठी मग लहान, हलक्या व स्वस्त लेन्सेसही निराळ्या बनू लागल्या. आपल्या सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे. बाजारात आज दोन जातींच्या लेन्सेस आहेत आणि पुष्कळदा त्या एकाच बॉडीला बसतात.

या दोन जातींत भेद कोणता? लेन्स चौकोनी चित्र पाडीत नाही, ती गोल चित्र पाडते. जत्रेतील तंबूच्या सिनेमात पडद्याऐवजी हातातील बॅटरीचा झोत टाकला, तर पडद्यावर उजेडाचे वर्तुळ दिसेल. वर्तुळ पडद्याच्या चारी कोपऱ्यांपर्यंत पोहोचले तर पडदा पुरा उजळतो. न पोहोचले तर कोपरे काळे राहतात. लेन्सच्या मागे पडणाऱ्या चित्राचेही असेच. फुल फ्रेम सेन्सरचा कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण ४३.३ मिलिमीटर भरतो. क्रॉप सेन्सरचा सुमारे २८ मिलिमीटर. लहान सेन्सरसाठी बनविलेल्या लेन्सचे वर्तुळ त्या २८ मिलिमीटरला पुरेल एवढेच पाडण्याची तजवीज केलेली असते. तिला मोठ्या सेन्सरपुढे बसविले की चित्राच्या कोपऱ्यांत अंधार.

हा भेद लेन्सच्या अंगावरच लिहिलेला असतो. निकॉनच्या लेन्सवर ‘डीएक्स’ अशी अक्षरे असली तर ती लहान सेन्सरची. कॅननची ‘ईएफ-एस’ आणि नव्या पद्धतीतील ‘आरएफ-एस’ ही लहान सेन्सरची. नुसती ‘ईएफ’ किंवा ‘आरएफ’ ही मोठ्याची. सोनीमध्ये ‘ई’ लहान आणि ‘एफई’ मोठी. सिग्मा ‘डीसी’ म्हणते ती लहान, ‘डीजी’ म्हणते ती मोठी. टॅमरॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यांसाठी निघालेल्या लेन्सेसमध्ये ‘डाय टू’ ही लहान आणि नुसती ‘डाय’ ही मोठी. घरी गेल्यावर आपल्या लेन्सेस उजेडात धरून ही अक्षरे वाचावीत. निम्मे व्याख्यान तेथेच उलगडेल.

आता लहान लेन्स मोठ्या कॅमेऱ्यावर चढविली तर घडते काय? येथे कंपनीगणिक रीत वेगळी. कॅननच्या आरशाच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ईएफ-एस लेन्स मुळी बसतच नाही. तिचा मागचा भाग आत घुसणारा असतो आणि आरसा त्याच्यावर आपटू शकेल, म्हणून ती बसू नये अशीच योजना केलेली आहे. निकॉन, सोनी आणि कॅननचे नवे आरशाविना कॅमेरे असे अडवीत नाहीत. ते लेन्स ओळखतात आणि मोठ्या सेन्सरचा मधला भाग तेवढा वापरतात. कॅननची ईएफ-एस लेन्स येथे जोडकड्यावरून बसते. सोय उत्तम आहे. पण तिची किंमत पाहा. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा मधला भाग वापरला की हाती सुमारे १० मेगापिक्सेल उरतात. म्हणजे मोठे घर बांधून त्याच्या माजघरातच राहावयाचे.

दहा मेगापिक्सेल म्हणजे थोडे नव्हेत, असे कोणी म्हणेल. आठ गुणिले बारा इंचांच्या प्रतीला ते पुरून उरतात, हे खरे. पण आपल्याकडील लग्नाच्या अल्बमचे एक उघडलेले पान पुष्कळदा बारा गुणिले छत्तीस इंचांचे असते आणि वधूवरांचे एक चित्र त्या पुऱ्या रुंदीवर पसरावे अशी घरच्यांची हौस असते. २४ मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे सुमारे ६,००० ठिपके असतात; ते ३६ इंचांवर पसरले तर इंचाला १६६ पडतात. दहा मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे सुमारे ३,९०० ठिपके. ते इंचाला १०८ पडतात. आमच्या घरच्या अल्बममध्ये हेच झाले. जुना कॅमेरा त्या कामात नव्यापेक्षा सरस ठरला असता.

ही झाली पुरण्याची गोष्ट. पण समजा लेन्स मोठ्या जातीचीच आहे, वर्तुळ पुरते आहे. मग सारे जसेच्या तसे राहील काय? नाही. लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा, म्हणजे तिचे नाभीय अंतर, कोणत्याही कॅमेऱ्यावर तेच राहते. मात्र चौकटीत किती दृश्य मावते ते बदलते. ५०ची लेन्स क्रॉप सेन्सरवर जेवढे दृश्य दाखविते, तेवढे फुल फ्रेमवर ७५ची लेन्स दाखविते. यालाच दीडपट म्हणतात. कॅननच्या लहान सेन्सरला ती पट १.६ धरावी. लेन्स जवळ आणते असे जे आपल्याला वाटते, ते वस्तुतः सेन्सरने कडा कापून टाकल्यामुळे वाटते.

आमच्या खेड तालुक्यातील बैलगाडा शर्यतीचे उदाहरण घेऊ. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यतींना मनाई केली होती, २०२१च्या डिसेंबरात सशर्त परवानगी दिली आणि २०२३च्या मे महिन्यात या संबंधीचा राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला. तेव्हापासून घाट पुन्हा गजबजू लागले आणि फोटोग्राफरांनाही काम मिळू लागले. समजा, आपण कडेला साठ मीटरवर उभे आहोत. बैल आणि गाडा मिळून लांबी चार मीटर. ३००ची लेन्स लावली तर सेन्सरवर त्यांची प्रतिमा २० मिलिमीटर लांबीची पडते. सेन्सर लहान असो वा मोठा, प्रतिमा २० मिलिमीटरचीच. लहान सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद असल्यामुळे बैलांनी चौकट भरून जाते. उडालेली धूळ आणि ताणलेले कासरे स्पष्ट दिसतात. मोठ्या सेन्सरवर तीच जोडी चौकटीच्या निम्म्याहून थोडी अधिक जागा व्यापते आणि उरलेल्या जागेत घाटावरची गर्दी येते. ती कापून टाकावी तर पुन्हा दहा मेगापिक्सेल. जुने दृश्य परत मिळवावयाचे तर ४५०ची लेन्स पाहिजे, आणि तिची किंमत विचारून आल्यावर माणूस काही काळ बोलत नाही. दुरून वेगवान विषय टिपणाऱ्याला, मग ते बैल असोत, पक्षी असोत वा मैदानावरील खेळाडू असोत, क्रॉप सेन्सर हे दैन्य नसून सोय आहे.

उलट, आखूड टोकाला फायदा होतो. जुन्या वाड्याच्या अरुंद ओसरीत वीस माणसांचा समूह घ्यावयाचा असेल, तर क्रॉप सेन्सरवर १८च्या लेन्सने जेवढा मावतो, तेवढा फुल फ्रेमवर २७-२८च्या लेन्सने मावतो. पण लक्षात घ्या, येथेही लेन्स पाहिजेच. बरोबर आलेली १८-५५ लहान जातीची असल्यामुळे ती पहिली बाद होते. म्हणजे ज्या लेन्सने लग्नाचे निम्मे काम होत असे, तीच नव्या कॅमेऱ्याबरोबर पुन्हा घ्यावी लागते. हा खर्च बॉडीच्या किमतीच्या पाटीवर लिहिलेला नसतो.

मग फुल फ्रेमचा लाभ तरी कोणता? लाभ आहे आणि तो मोठा आहे. तो उजेडाचा. पाऊस पडताना अंगणात एक परात आणि एक ताटली ठेवली, तर पावसाची सर दोघींवर सारखीच पडते. पण परातीत पाणी अधिक साचते. सेन्सरचे तसेच आहे. अ‍ॅपर्चर आणि शटर तेच ठेवले तर चित्राचा उजळपणा तोच येतो. परंतु मोठ्या सेन्सरवर एकंदर उजेड अधिक गोळा झालेला असतो. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, क्रॉपचे सुमारे ३६६. म्हणजे उजेड २.३६ पट, फोटोग्राफरांच्या भाषेत सव्वा स्टॉप. मंगल कार्यालयातील संध्याकाळच्या दिव्यांत, हळदीच्या वेळी किंवा देवळाच्या गाभाऱ्यात आयएसओ चढविला की चित्रात जे दाणे उठतात, ते या कारणाने मोठ्या सेन्सरवर कमी दिसतात.

मात्र हा लाभ लेन्स सारखी असेल तरच हाती लागतो. समजा, आपल्याजवळ क्रॉपची १७-५० एफ २.८ ही लेन्स आहे. मोठ्या कॅमेऱ्यासाठी तिच्या तोडीची २४-७० एफ २.८ फार महाग, म्हणून आपण २४-१०५ एफ ४ घेतली. एफ २.८वरून एफ ४वर येताना उजेड निम्मा होतो. सेन्सरने दिला सव्वादोन पटींहून थोडा अधिक, लेन्सने काढून घेतला निम्मा. बाकी काय राहिली? सुमारे १८ टक्के. एवढ्यासाठी लाख-दीड लाख रुपये घालवावेत काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा. ज्याच्याजवळ एफ ५.६पर्यंत जाणारी साधी झूम आहे, त्याला मात्र एफ ४च्या लेन्ससह मोठा सेन्सर घेतल्यास भरपूर उजेड लाभेल. म्हणजे लाभ किती हे बॉडी ठरवीत नाही. आपण कोठून निघालो आणि कोणत्या लेन्सवर पोहोचलो, त्यावर ते ठरते.

पाठीमागचा भाग पुसट करून मुखड्याला उठाव देण्याची जी हौस असते, तिचेही असेच आहे. ५० एफ १.८ ही लेन्स बहुधा मोठ्या जातीची असते, म्हणून ती बदलानंतरही कामी येते. पण क्रॉप सेन्सरवर नवरीचा अर्धा देह तीन मीटरवरून चौकटीत बसत असेल, तर फुल फ्रेमवर तेवढाच बसविण्यासाठी दोन मीटरवर यावे लागते. पाठीमागचे अधिक पुसट होते खरे. पण इतके जवळ आल्यावर नाक किंचित मोठे आणि कान मागे गेलेले दिसू लागतात. पूर्वीचे अंतर आणि पूर्वीचा चेहरा हवा असेल, तर ८५ची लेन्स घ्यावी लागते. तिचाही आकडा यादीत टाका.

आणखी एक गोष्ट. मोठ्या जातीची जुनी लेन्स आजवर क्रॉप सेन्सरवर वापरली, तेव्हा तिच्या वर्तुळाचा मधला, सर्वांत चांगला भागच आपण पाहत होतो. फुल फ्रेमवर तिच्या कडा उघड्या पडतात. एखाद्या लेन्सचे कोपरे काळपट आणि विसविशीत निघतात आणि घेणारा म्हणतो, ‘नव्या कॅमेऱ्याने माझी लेन्स बिघडवली.’ ती बिघडलेली नसते, प्रथमच पुरती दिसलेली असते. याच्या उलट मध्यभाग मात्र सुधारतो. कारण बारा गुणिले अठरा इंचांच्या प्रतीसाठी क्रॉप सेन्सरवरील चित्र सुमारे साडेएकोणीस पट मोठे करावे लागते, फुल फ्रेमवरील पावणेतेरा पट. जितके कमी ताणावे तितके कापड विरत नाही.

जुन्या लेन्सेसच्या मोटारीविषयीही सावध असावे. निकॉनच्या ‘एएफ-डी’ प्रकारच्या लेन्सेसमध्ये फोकसची मोटार नसते. ती बॉडीत असावी लागते. निकॉनच्या स्वस्त क्रॉप कॅमेऱ्यांत ती नसल्यामुळे त्यांवर या लेन्सेस हातानेच फोकस कराव्या लागत. डी-७५० सारख्या आरशाच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर त्याच लेन्सेस आपोआप फोकस करू लागतात. पण २०१८ पासून आलेल्या झेड मालिकेत निकॉनचे स्वतःचे जोडकडे लावले तर त्यात मोटार नाही. पुन्हा हात आलाच. म्हणजे एकच लेन्स, एकाच कंपनीचे तीन कॅमेरे आणि दोन निरनिराळे अनुभव. ‘बसते’ या एका शब्दाने यांतले काहीच कळत नाही.

ज्यांना हा बदल निःशंकपणे लाभतो असाही एक वर्ग आहे. ज्यांच्या घरी वडिलांच्या वेळचा फिल्मचा कॅमेरा आणि त्याच्या २८, ५०, १३५ अशा लेन्सेस कपाटात आहेत, त्यांचा. निकॉनची लेन्स बसविण्याची रचना १९५९ पासूनची आणि कॅननची ईएफ रचना १९८७ पासूनची. त्या रचनांतील फिल्मच्या लेन्सेस ३६ गुणिले २४ची चौकट डोळ्यांपुढे ठेवूनच घडविलेल्या होत्या. क्रॉप सेन्सरवर वडिलांची २८ची लेन्स ४२सारखी दिसत असे; फुल फ्रेमवर ती पुन्हा २८ होते. वडिलांनी ज्या जागी उभे राहून इंद्रायणीचा घाट एका चौकटीत घेतला असेल, त्याच जागेवरून तो पुन्हा तसाच घेता येतो. येथे मोठा सेन्सर नवी गोष्ट देत नाही, जुनी परत करतो.

मग ठरवावयाचे कसे? आमच्या मते तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : बसते का, पुरते का आणि शेवटी हाती काय उरते? पहिल्याचे उत्तर दुकानदार देईल. दुसऱ्याचे उत्तर लेन्सवरील अक्षरे देतील. तिसऱ्याचे उत्तर मात्र आपल्याच कामात शोधावे लागते. आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

संगणकात आपली गेल्या वर्षाची चित्रे असतातच. प्रत्येक चित्राच्या माहितीत ते कोणत्या नाभीय अंतरावर, कोणत्या अ‍ॅपर्चरवर आणि किती आयएसओवर घेतले, याची नोंद असते. एखाद्या रविवारी बसून ती पाहावी. बहुतेक चित्रे १८ ते ३५च्या दरम्यान आणि आयएसओ ३,२००च्या वर असतील, तर आपले काम कार्यालयातील आणि मंद उजेडातील आहे. मोठा सेन्सर, चांगल्या लेन्ससह, उपयोगी पडेल. बहुतेक ३००वर आणि उन्हात घेतलेली असतील, तर बदलाने तोटाच आहे. ३००ची लेन्स फुल फ्रेमवर कशी दिसेल हे पाहावयाचे असेल, तर आपल्याच क्रॉप कॅमेऱ्यावर ती झूम २००वर आणून पाहावी. दृश्य तेवढेच दिसेल. कोपरे पाहण्यासाठी मात्र मोठा कॅमेरा एक दिवस भाड्याने आणावा. भिंतीवर वर्तमानपत्राची पाने सरळ चिकटवून, तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून, प्रत्येक लेन्सने एक चित्र पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर आणि एक एफ ८वर घ्यावे. कोपऱ्यातील अक्षरे वाचता आली तर लेन्स ठेवावी. एका दिवसाचे भाडे हा या साऱ्या व्यवहारातील सर्वांत स्वस्त सल्ला आहे.

आमच्या गावचा एक तरुण गेल्या वर्षी हप्त्यांचे कागद घेऊनच आमच्या ओट्यावर आला होता. दिवसा कारखाना, सुटीला लग्ने, उन्हाळ्यात बैलगाडे, असा त्याचा क्रम. आम्ही त्याला कागदाच्या दोन बाजू करावयास सांगितले. एका बाजूला त्याच्या तीन लेन्सेस, दुसऱ्या बाजूला फुल फ्रेमवर त्यांचे काय होईल ते. १८-५५ बाद. ५० चालेल, पण ८५ची गरज उभी राहील. ७०-३०० पुरेल, पण बैल दूर जातील. बेरीज केली तेव्हा बॉडीच्या किमतीएवढीच रक्कम लेन्सेससाठी आणखी लागत होती. तो बराच वेळ कागदाकडे पाहत बसला. मग म्हणाला, ‘सर, म्हणजे मी कॅमेरा नाही, दुकानच बदलत होतो.’

त्याने हप्ते घेतले नाहीत. जुना कॅमेरा ठेवून त्याने मोठ्या जातीची ३५ एफ १.८ ही एकच लेन्स घेतली. ती आज त्याच्या क्रॉप कॅमेऱ्यावर साधारण नजरेची लेन्स म्हणून चालते आणि उद्या मोठा कॅमेरा आलाच तर समूहचित्राला उपयोगी पडेल. दोन्हीकडे पुरणारी ती आहे. कार्यालयाच्या पांढऱ्या छतावर फ्लॅश मारून उजेड खाली उतरविण्याची युक्तीही त्याने साधली. फारच मंद दिव्यांचे काम असले तर फुल फ्रेम कॅमेरा भाड्याने आणतो आणि ते भाडे कामाच्या दरात धरतो. पुढे तो मोठा कॅमेरा घेईल, घ्यावाही. पण तेव्हा त्याच्या लेन्सेस आधीच तेथे जाऊन पोहोचलेल्या असतील.

आमच्या सांगण्याचे तात्पर्य एवढेच. कॅमेऱ्याची बॉडी चारसहा वर्षांत जुनी होते. चांगली लेन्स दोन पिढ्या चालते. म्हणून प्रवास करावयाचाच असेल तर लेन्सेस आधी निघाव्यात, बॉडी मागून यावी. मोठ्या सेन्सरला आमचा विरोध नाही. आज आमच्या स्वतःच्या पिशवीत तोच आहे. परंतु तो चुकीच्या बाजूने घरात आणल्यामुळे आम्हांला ज्या लेन्सेस पुन्हा विकत घ्याव्या लागल्या, त्यांची यादी आम्ही अजून जपून ठेवली आहे. कोणाला खरेदीस जाण्यापूर्वी ती पाहावयाची असेल, तर त्याने खुशाल कुरुळीस यावे.